फुंकर, सही आणि छायाचित्र

हस्तनिर्मित कलावस्तूविषयी बोलताना एक गोष्ट आपण नकळत गृहीत धरतो : वस्तू हाताने केली आहे, हे तिच्याकडे पाहून कळते. मातीच्या भांड्यावर बोटांचे वळ राहतात, लाकडावर पटाशीची खूण उरते, विणीत एखादा टाका तिरका जातो. काचेच्या बाबतीत मात्र हे गृहीतक फार काळ टिकत नाही. तापलेल्या काचेला हात लावताच येत नाही. कारागीर आणि वस्तू यांच्यामध्ये लांब लोखंडी फुंकनळी असते, पाण्यात भिजवलेला लाकडी डाव असतो, ओल्या वर्तमानपत्राची घडी असते. शिवाय ही सामग्री स्वभावतःच विस्मरणशील आहे. पुन्हा आगीसमोर धरली की तिचा पृष्ठभाग क्षणभर वितळतो आणि अवजारांच्या साऱ्या खुणा स्वतःच पुसून टाकतो. भांड्याच्या बुडाशी, जिथून ते सळईवरून तोडून घेतले जाते तिथे, एक व्रण उरतो. पण चांगला कारागीर तोही घासून काढतो. कारागिरी जितकी उंच, तितका हात अदृश्य, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

म्हणजेच काचेत ‘हाताने केले’ हे विधान वस्तूच्या अंगभूत नसते, ते बाहेरून करावे लागते. त्याला साक्ष लागते. कधी ही साक्ष सहीने दिली, कधी गावाच्या नावाने, कधी छायाचित्राने, तर कधी वस्तूसोबत सांगितल्या जाणाऱ्या कहाणीने. स्वतंत्र काचकारागिराचा इतिहास हा बव्हंशी या साक्षींचा इतिहास आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये. कर्ता कोण, नाव कोणाचे आणि श्रम कोणाचे, हे प्रश्न आपल्याही अभ्यासक्षेत्रात आहेतच.

१

फुंकून काच घडवण्याची युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया-पॅलेस्टाइनच्या परिसरात सापडली. तोवर काच ही गाभ्याभोवती गुंडाळून किंवा साच्यात बसवून करण्याची संथ आणि महागडी वस्तू होती. फुंकर आली आणि एका पिढीत काच स्वस्त झाली. याच उलथापालथीत, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एनिऑन हे नाव भांड्यांवर दिसू लागते. तो सिडॉनच्या परिसरातला असावा असे मानले जाते. त्याच्या पेल्यांवर एका चौकटीत ग्रीक अक्षरांत ‘एनिऑनने केले’ अशी नोंद असते. काही पेल्यांवर दुसऱ्या बाजूस आणखी एक चौकट असते आणि तिचा आशय असा, की विकत घेणाऱ्याचे स्मरण राहो.

कर्त्याचे नाव एका बाजूला, ग्राहकाला सदिच्छा दुसऱ्या बाजूला. निर्मिती आणि प्रसिद्धी यांची ही जोडी दोन हजार वर्षांची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पूर्वीचा कारागीर निरिच्छ होता, बाजार आत्ता आला’ हा आपला आवडता समज बाजूला ठेवावा लागतो. पण खरी गंमत पुढेच आहे. एनिऑनची अक्षरे भांड्यावर कोरलेली नाहीत, ती साच्यात कोरलेली आहेत. साच्यात काच फुंकली की नाव आपोआप उमटते. साचा करणारा आणि फुंकणारा एकच होता की नाही, हे भांडे सांगत नाही. नाव आहे, पण ते नेमके कोणत्या श्रमाचे आहे, हे मात्र झाकलेले आहे.

मराठी वाचकाला येथे संतकवींची नाममुद्रा आठवणे स्वाभाविक आहे. नाममुद्रा ही रचनेच्या आतच असते, ती काढली तर छंदच मोडतो. तरीही ती कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा ठरत नाही. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना एकाच ‘नामा’ या मुद्रेखाली मिसळल्या, आणि त्या वेगळ्या करणे हे अभ्यासकांपुढचे मोठे काम होऊन बसले. मुद्रा व्यक्तीपासून सुटते आणि परंपरेची होते. काचेतही पुढे नेमके हेच घडले.

२

१२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातील काचेच्या भट्ट्या मुरानो या बेटावर हलवण्याचा आदेश दिला. आगीची भीती हे त्याचे उघड कारण होते. पण बेटावर कारागीर एकत्र आले म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणेही सोपे जाते. पुढच्या शतकांत मुरानोच्या कारागिराला मान मिळाला, सवलती मिळाल्या. परवानगीवाचून बाहेर जाऊन धंदा करण्याची मुभा मात्र मिळाली नाही. कृती ही राज्याची मालमत्ता होती. तिथल्या काचेवर व्यक्तीची सही क्वचितच असे, बेटाचे नाव हीच सही. ‘मुरानोची काच’ म्हटले की हात कोणाचा हे विचारण्याचे कारण उरत नसे.

ही स्थळाची सही किती मोलाची होती, हे तिच्या नकलांवरून कळते. मुरानोच्या नावाने इतरत्र केलेली काच इतकी विकली जाऊ लागली, की १९९४ मध्ये व्हेनेतो प्रांताला कायदा करून ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ ही अधिकृत मुद्रा निर्माण करावी लागली. सात शतके जे नाव पुरेसे होते, त्याला आता प्रमाणपत्राची जोड लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलाकाराची स्वाक्षरी काचेवर ठळकपणे अवतरते. फ्रान्समधील नान्सी येथील एमिल गाले (१८४६–१९०४) हा वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक, कवितेचा रसिक आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलेला काचकलावंत. त्याची फुलपात्रे त्याच्या सहीने ओळखली जातात. पण गालेचा एक कारखाना होता आणि तिथे फुंकणारे, कोरणारे, आम्लाने नक्षी उतरवणारे कितीतरी कामगार होते. १९०४ मध्ये गालेचे निधन झाले. कारखाना चालू राहिला आणि सहीसुद्धा. त्याच्या मृत्यूनंतर काही काळ केलेल्या वस्तूंवर नावाशेजारी एक लहानसा तारा कोरलेला आढळतो. मेलेल्या माणसाची सही चालू ठेवताना कोणाला तरी संकोच वाटला असावा, आणि त्या संकोचाची खूण म्हणजे तो तारा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) याने हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर केली. रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेले त्याचे दिवे जगभर ‘टिफनी दिवे’ म्हणून ओळखले जातात आणि जवळजवळ शतकभर ते त्याच्याच कल्पनेची अपत्ये मानले गेले. क्लारा ड्रिस्कॉल (१८६१–१९४४) ही टिफनीच्या स्त्रियांच्या काचकाम विभागाची प्रमुख. तिने घरी पाठवलेली पत्रे संशोधकांच्या हाती आली, आणि चतुर व विस्टेरियाच्या वेलीचे नमुने असलेले अतिप्रसिद्ध दिवे तिने रचले होते, हे स्पष्ट झाले. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीने ड्रिस्कॉल आणि तिच्या सहकारी मुलींवर प्रदर्शन भरवले, तेव्हा तिला जाऊन साठाहून अधिक वर्षे लोटली होती. टिफनीच्या कंपनीत विवाहित स्त्रियांना काम करता येत नसे. ड्रिस्कॉलने लग्नासाठी नोकरी सोडली, वैधव्य आल्यावर ती परतली आणि पुढे १९०९ मध्ये पुन्हा लग्नासाठी बाहेर पडली. तिचे कर्तृत्व काचेने सांगितले नाही. ते पत्रांनी, म्हणजे मजकुराने सांगितले. काचेच्या इतिहासात मजकूर ही दुय्यम गोष्ट नाही, हे यावरून उमजावे.

३

या पार्श्वभूमीवर ‘कल्पना माझी, हातही माझा’ ही भूमिका किती बंडखोर होती, हे लक्षात येते. तिचा एकाकी पूर्वसूरी म्हणजे फ्रेंच चित्रकार मॉरिस मारिनो (१८८२–१९६०). १९११ मध्ये त्याने बार-स्यूर-सेन येथील मित्रांचा काचकारखाना पाहिला आणि तो काचेच्या आहारी गेला. आधी दुसऱ्यांनी फुंकलेल्या भांड्यांवर मिन्याने चित्रे काढणे, मग स्वतः फुंकायला शिकणे, आणि शेवटी जाड काचेच्या अंतरंगात बुडबुडे व रंग अडकवून एकेक अपूर्व वस्तू घडवणे, असा त्याचा प्रवास झाला. १९३७ मध्ये तो कारखाना बंद पडला आणि मारिनोचे काचकामही तिथेच थांबले. चित्रकाराला कॅनव्हास कुठेही मिळतो. भट्टी तशी मिळत नाही. स्वतंत्र वृत्तीच्या या माणसाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या आगीवर अवलंबून होते.

काच कारखान्यातच का अडकून राहिली, याचे उत्तर तिच्या तंत्रात आहे. भट्टी सुमारे ११०० अंश सेल्सिअसला रात्रंदिवस जळती ठेवावी लागते. ती विझवून रोज नव्याने पेटवणे परवडत नाही. नळीच्या टोकावरचा गोळा सतत फिरवावा लागतो, थांबले की तो ओघळतो. कुंभाराप्रमाणे काम झाकून ठेवून जेवायला जाता येत नाही. एकाने फिरवायचे, दुसऱ्याने फुंकायचे, तिसऱ्याने कानासाठी तापलेली काच आणायची, अशी ही मुळातच सामूहिक कला आहे. घडलेली वस्तू पुन्हा पाचशे अंशांच्या आसपास ठेवून तासन्‌तास सावकाश थंड करावी लागते, नाहीतर आतल्या ताणाने ती तडकते. भांडवल, इंधन आणि माणसे या तिन्ही बाबतींत काच कारखान्याकडेच ओढ घेते.

आपल्याकडेही काच आली ती अशीच समूहाची आणि संस्थेची म्हणून. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला, १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना निघाला. तळेगावच्या भट्टीमागे लोकांनी दिलेला एकेक पैसा होता, ओगलेवाडीच्या कंदिलामागे स्वदेशीचा अभिमान होता. नाव लक्षात राहिले ते फंडाचे, कारखान्याचे, ‘प्रभाकर’ कंदिलाचे. चिमणी कोणी फुंकली, हे कंदील लावणाऱ्या घराने विचारले नाही; आणि त्या काळाच्या दृष्टीने ते विचारण्याचे कारणही नव्हते.

हे चित्र बदलण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला तो मार्च १९६२ मध्ये, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरी. हार्वी लिटलटन (१९२२–२०१३) हा विस्कॉन्सिन विद्यापीठातील मृत्तिकाकलेचा अध्यापक. एका माणसाला आपल्या लहानशा कार्यशाळेत काच वितळवता आणि फुंकता आली पाहिजे, या कल्पनेने त्याला झपाटले होते. टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारातील एका गॅरेजमध्ये त्याने लहान भट्टी बांधून शिबिर घेतले. पहिला वितळ फसला. तेव्हा मदतीला आला डॉमिनिक लॅबिनो, काचतंतू बनवणाऱ्या कंपनीतला संशोधक. त्याने भट्टीची रचना बदलायला सुचवले आणि काचतंतूंसाठी कारखान्यात तयार होणाऱ्या काचेच्या गोट्या वितळवायला दिल्या. त्या सहज वितळल्या. मग प्रश्न उरला फुंकण्याचा, कारण जमलेल्या कुंभारांपैकी कोणालाच ते धड येत नव्हते. लिबी कारखान्यातून निवृत्त झालेला हार्वी लीफग्रीन हा फुंकारी शिबिरात आला आणि त्याने नळी हातात घेऊन कृती करून दाखवली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरे शिबिर झाले. पुढे विद्यापीठांतून काचेचे वर्ग सुरू झाले, आणि या साऱ्याला ‘स्टुडिओ ग्लास’ चळवळ हे नाव रूढ झाले.

चळवळीच्या आख्यानात टोलेडोचे शिबिर ही कारखान्यापासूनच्या मुक्तीची पहाट म्हणून सांगितले जाते. ते खोटे नाही. पण त्या पहाटे गॅरेजमध्ये कोण कोण होते पाहा. काच कारखान्याच्या गोट्यांची, रसायनाचे ज्ञान कारखान्याच्या संशोधकाचे आणि हात कारखान्याच्या निवृत्त कामगाराचा. लिटलटन स्वतःही कॉर्निंग या काचनगरीत जन्मलेला, तिथल्या कारखान्यातील भौतिकशास्त्रज्ञाचा मुलगा. स्वातंत्र्याची वाट कारखान्याच्या अंगणातूनच निघाली होती. फरक पडला तो नावांच्या क्रमात. लिटलटनचे नाव कलेच्या इतिहासात गेले, लॅबिनोचेही गेले. लीफग्रीनचे नाव बहुधा एका वाक्यापुरते येते.

४

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक कालसाम्य नजरेत भरेल. १९६७ मध्ये रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, १९६९ मध्ये मिशेल फूकोने ‘लेखक म्हणजे काय’ हा प्रश्न विचारला. साहित्यसमीक्षा ज्या दशकात कर्त्याला सिंहासनावरून उतरवत होती, त्याच दशकात काचेच्या क्षेत्रात कर्ता प्रथमच सिंहासनावर बसत होता. याचा अर्थ काचवाले मागासलेले होते असा नव्हे. ज्याला नाव कधी मिळालेच नव्हते, त्याच्या दृष्टीने नावाचा त्याग ही चैन असते.

पण हे सिंहासन एकट्याचे राहिले नाही, काचेने ते राहू दिले नाही. लिटलटनचा विद्यार्थी डेल चिहुली (जन्म १९४१) १९६८ मध्ये शिष्यवृत्तीवर मुरानोच्या व्हेनिनी कारखान्यात गेला आणि तिथून नेमकी तीच गोष्ट घेऊन आला, जिच्यापासून चळवळ पळत होती : चमूने काम करण्याची रीत. १९७१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जंगलात त्याने हॉबर्ग दांपत्याच्या साहाय्याने पिलचक ही काचशाळा सुरू केली. १९७९ मध्ये मुरानोचा उस्ताद लीनो तालियापिएत्रा (जन्म १९३४) या शाळेत शिकवायला आला. सातशे वर्षे बेटावर जपलेली कृती त्याने परदेशी विद्यार्थ्यांपुढे उघड केली, आणि मुरानोत त्याबद्दल रोषही ओढवून घेतला. अमेरिकेच्या हौशी हाताला खरे कौशल्य लाभले ते बरेचसे या औदार्यामुळे.

चिहुलीचा पुढचा प्रवास मात्र मूळ प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा करतो. १९७६ मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात त्याचा डावा डोळा गेला, १९७९ मध्ये खांदा निखळला, आणि त्याने फुंकनळी खाली ठेवली. तेव्हापासून तो रेखाटने करतो, सूचना देतो. काच इतर घडवतात, नाव चिहुलीचे. आपल्या आकारांची नक्कल झाल्याचा आरोप करून त्याने २००५ मध्ये पूर्वी आपल्यासाठी काच फुंकणाऱ्या एका कारागिरावर आणि एका विक्रेत्यावर दावा लावला, तेव्हा जो स्वतः फुंकत नाही तो कर्ता कसा, अशी उघड चर्चा झाली. २००६ मध्ये दाव्यात समेट झाला आणि प्रश्न न्यायालयाने सोडवण्याआधीच मिटला. दिग्दर्शकाला चित्रपटाचा कर्ता म्हणताना आपल्याला अवघड वाटत नाही. मग काचेत का वाटावे? याचे कारण, मला वाटते, चळवळीने दिलेल्या वचनात आहे. ‘एका माणसाचा हात’ हेच जिचे ब्रीद, तिच्या सर्वांत प्रसिद्ध वस्तूंत कर्त्याचा हात नसावा, ही बोच त्या चर्चेमागे होती.

५

आतापर्यंत सहीबद्दल बोललो. आता छायाचित्राकडे वळू. छायाचित्रणाच्या अगदी आरंभी हेन्री फॉक्स टॅलबट याने ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–४६) या ग्रंथात चिनी मातीच्या भांड्यांचे एक आणि लगेच त्यापुढे काचेच्या भांड्यांचे एक, अशी दोन चित्रे छापली. चिनी मातीच्या चित्राविषयी तो म्हणतो, की चोराने हा संग्रह लांबवला तर हे मूक चित्र न्यायालयात साक्ष म्हणून उभे करता येईल. पुढच्याच चित्राबाबत तो नोंदवतो, की काचेचा ठसा कागदावर निराळ्या तऱ्हेने उमटतो आणि चिनी माती व काच एकत्र नीट टिपता येत नाहीत, कारण उजळ चिनी मातीचे चित्र आधी उमटून जाते. म्हणजे छायाचित्र ही साक्ष आहे, हा विचार जिथे मांडला गेला, तिथेच पान उलटताच काच हा अवघड साक्षीदार आहे, हेही नोंदवले गेले.

अवघड का? कारण काच दिसत नाही, तिच्यातून दिसते. छायाचित्रकाराला टिपावे लागते ते काचेने वळवलेल्या आणि परावर्तित केलेल्या प्रकाशाला. यासाठी दोन मुख्य रीती आहेत. एकीत मागे उजळ पडदा ठेवतात, त्यामुळे भांड्याच्या कडा काळ्या रेषेसारख्या उमटतात. दुसरीत मागे काळोख ठेवून प्रकाश बाजूंनी सोडतात, मग कडा चांदीच्या तारेसारख्या उजळतात. एकाच फुलपात्राची ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर ते एकच पात्र आहे यावर विश्वास बसत नाही. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावर खिडकी, दिवा आणि खुद्द छायाचित्रकार यांची प्रतिबिंबे पडतात. ती पांढऱ्या-काळ्या पुठ्ठ्यांनी अडवावी लागतात. इतके करूनही वजन, थंड स्पर्श आणि हातात फिरवताना बदलत जाणारा रंग चित्रात येत नाहीत. मापही हरवते. मुठीत मावणारी कुपी पडदाभर झाली की रांजणाएवढी भासते. छायाचित्र काचेचे वर्णन करत नाही, ते काचेचा अर्थ लावते. या दृष्टीने ते भाषांतराच्या जवळचे आहे.

आणि हळूहळू मूळ संहितेऐवजी भाषांतरच वाचले जाऊ लागले. स्टुडिओ चळवळ पसरली तसे कलादालनांत, हस्तकलेच्या जत्रांत, स्पर्धांत प्रवेश मिळवण्यासाठी कारागिराला वस्तू नव्हे, तर वस्तूच्या पारदर्शिका, म्हणजे स्लाईड, पाठवाव्या लागत. कॉर्निंगच्या काचसंग्रहालयाने १९८० पासून ‘न्यू ग्लास रिव्ह्यू’ हे वार्षिक काढले, त्यात जगभरातून आलेल्या चित्रांतून शंभर कामे निवडली जात. अशा व्यवस्थेची उपयुक्तता नाकारता येणार नाही. दूरच्या गावातल्या अनोळखी कारागिराला तिने जगापुढे आणले. पण परीक्षकांपुढे काच नसे, चित्र असे. जी काच चित्रात चांगली दिसते, ती पुढे जाते. जिचे सौंदर्य हातात घेतल्यावरच कळते, ती मागे राहते. कोणाचाही वाईट हेतू नसताना कसोटीच बदलते आणि कसोटी बदलली की निर्मितीही बदलते. ठळक रंग, स्पष्ट बाह्यरेषा, एकाच कोनातून पूर्ण कळणारा आकार यांचे पारडे त्यामुळे जड होते.

६

खऱ्या अर्थाने एकटा काम करणारा काचकारागीर आज भेटतो तो मोठ्या भट्टीपाशी नव्हे, तर ज्योतीपाशी. टेबलाला बसवलेली वायू आणि ऑक्सिजनची ज्योत, एका हातात रंगीत काचकांडी, दुसऱ्या हातात मातीचा लेप दिलेली पोलादी सळई. कांडीचे टोक वितळवून सळईवर गुंडाळायचे, ठिपके द्यायचे, रेघा ओढायच्या, मग तो मणी छोट्या विद्युतभट्टीत सावकाश थंड करायचा. १९९० च्या दशकात अमेरिकेत या मणीकामाचे मोठे पुनरुज्जीवन झाले. घराच्या मागच्या खोलीत मावणारी ही कार्यशाळा लिटलटनचे स्वप्न पुरे करते. आणि तिच्या कांड्यांपैकी कितीतरी मुरानोच्या कारखान्यातून येतात, म्हणजे टोलेडोची गाठही सुटत नाही. ज्यांना फुंकलेली काच करायची आहे, त्यांतले अनेकजण भट्टी बाळगण्याऐवजी दुसऱ्याच्या भट्टीवर तास भाड्याने घेतात. २०२१-२२ मध्ये युरोपात वायूचे दर भडकले तेव्हा मुरानोतल्या भट्ट्यादेखील विझवाव्या लागल्या होत्या. एकट्याची काय कथा?

या माणसाच्या दिवसाची वाटणी पाहिली तर ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. कारखान्यात जी कामे वेगवेगळ्या खात्यांची होती, ती सारी आता एकाच अंगावर आली आहेत. सकाळी ज्योतीपुढे बसायचे, दुपारी पांढऱ्या कागदाच्या कमानीत मणी ठेवून छायाचित्रे काढायची, संध्याकाळी वर्णन लिहायचे, किंमत ठरवायची, पत्रांना उत्तरे द्यायची, पार्सल बांधायचे. एनिऑनच्या दोन्ही चौकटी आता त्यालाच रोज भरायच्या आहेत. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झालेल्या एट्सी या बाजारपेठेने अशा कारागिरांना दलालावाचून ग्राहक मिळवून दिला, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण २०१३ मध्ये तिने आपले नियम सैल केले आणि विक्रेत्याला बाहेरच्या उत्पादकाकडून माल बनवून घेण्याची मुभा दिली. ‘हाताने केलेले’ या शब्दांची व्याख्या त्या क्षणी कार्यशाळेत नव्हे, व्यापाराच्या नियमावलीत ठरली.

मग कारागीर पुरावा शोधतो. तो काचेत बुडबुडा राहू देतो, कड किंचित वाकडी ठेवतो, ‘प्रत्येक नग थोडा वेगळा’ असे लिहितो. एके काळी जो दोष होता, तो आता हाताचा दाखला होतो. पण दोषाचीही नक्कल होते. फ्रान्समधील बियो गावी १९५६ मध्ये निघालेल्या कारखान्याने बुडबुड्यांची काच हीच आपली ओळख केली, आणि पुढे तशी काच सर्वत्र निघू लागली. छायाचित्राचेही तेच झाले. चांगले चित्र उचलून तसाच मणी स्वस्तात काढणे कठीण नाही. आणि आता तर संगणकाला शब्दांत सांगून अशा काचवस्तूंची मोहक चित्रे निर्माण करता येतात, ज्या कोणी कधी घडवलेल्याच नाहीत, कदाचित घडवताही येणार नाहीत. टॅलबटचा मूक साक्षीदार असा फितूर झाला आहे.

७

मग उरते काय? माझ्या मते उरतो तो मजकूर, आणि मजकुराचा प्रामाणिकपणा. याचा एक आदर्श पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियात सापडतो. स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की (१९२१–२००२) आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा (१९२४–२०२०) या दांपत्याने १९५० च्या दशकापासून साच्यात वितळवलेल्या काचेची भव्य शिल्पे केली. तो रेखाटन करी, ती त्यावरून मातीत आकार उभा करी, आणि काच ओतली जाई ती सरकारी व्यवस्थेतल्या कारखान्यात. स्वातंत्र्याच्या अमेरिकन व्याख्येत हे काम बसत नाही. पण त्यांच्या कामाखाली दोन्ही नावे येतात, आणि कोणाचा वाटा कोणता हे सांगितले जाते. ड्रिस्कॉलला जे शतकभराने मिळाले, ते ब्रिख्तोव्हाला हयातीत मिळाले. कारखान्यात काम केल्याने ते मिळायचे अडले नाही, आणि गॅरेजमध्ये काम केल्याने ते लीफग्रीनला आपोआप मिळाले नाही.

म्हणून स्वतंत्र कारागिराची कसोटी ‘सारे एकट्याने केले का’ ही नसावी. ती कसोटी लावली तर मारिनोही नापास होईल आणि लिटलटनही. ‘जे केले ते खरे सांगितले का’ ही असावी. कांडी कुठली, भट्टी कोणाची, फुंकर कोणाची, रचना कोणाची, चित्र कोणी काढले, एवढे सांगायला चार ओळी पुरतात. वस्तूशेजारी लिहिल्या जाणाऱ्या या चार ओळींना आपण जाहिरात समजून सोडून देतो; वस्तुतः काचेच्या इतिहासाचे साधन म्हणून पुढच्या अभ्यासकाला त्यांचाच आधार असणार आहे. काच स्वतःविषयी काही सांगत नाही. तिच्यामागच्या हातांविषयी जे कळायचे, ते कोणीतरी लिहून ठेवले तरच कळते. आणि कोणाचा हात लिहायचा राहिला, हे तपासण्याचे काम संहितांची पाने चाळणाऱ्या आपल्यासारख्यांचेही आहे.